बदनाम कॉम्प्लेक्समध्ये घर बघताय? तिथल्या लोकांचे उलटसुलट अनुभव असे तपासा

एखाद्या कॉम्प्लेक्सचं नाव खराब झालं की तिथे चौकशीला गेल्यावर हमखास दोन टोकाची उत्तरं मिळतात. एक जण म्हणतो अहो इतकी वर्षं राहतोय, काही त्रास नाही, लोक उगाच बोंब मारतात, आणि दुसरा म्हणतो फुकट दिलं तरी घेऊ नका. घर बघणारा माणूस गोंधळतो आणि मग एकतर जो शेवटी भेटला त्याचं ऐकतो, नाहीतर सगळ्यांची सरासरी काढून "असेल ठीकठाक" म्हणत टोकन देऊन मोकळा होतो. दोन्हीत फसायला होतं. माझं म्हणणं असं आहे की ही दोन्ही माणसं बहुतेक वेळा खरंच बोलत असतात, फक्त एकाच गेटच्या आतल्या वेगवेगळ्या घरांबद्दल बोलत असतात. तुम्हाला शोधायचंय ते एवढंच की तुम्ही बघताय ते घर यातल्या कुणाच्या अनुभवाजवळ जातं.

म्हणून पहिलं काम हे करा. वही घ्या किंवा फोनमध्ये साधा तक्ता बनवा आणि कुणीही काही सांगितलं की त्याच्यापुढे लिहा, कुठली विंग, कितवा मजला, कुठली लाइन (म्हणजे १०३, २०३, ३०३ अशी एकावर एक असलेली घरं), मालक की भाडेकरू, कधीपासून राहतात, दिवसा घरी असतात का. नाव लिहायची काहीच गरज नाही. आठ-दहा लोकांशी बोलून झालं की तक्त्याकडे नुसतं बघा, ज्या गोष्टी एकमेकांच्या विरुद्ध वाटत होत्या त्यातल्या बऱ्याच जागच्या जागी बसतात, कारण तक्रारी मजल्याने आणि लाइनने वाटल्या गेलेल्या असतात.

पाणी आणि ड्रेनेज

हे नीट समजून घ्या, कारण सगळ्यात जास्त परस्परविरोधी बोलणं पाण्याबद्दल असतं. गच्चीवरच्या टाकीतून खाली पाणी येत असेल तर दर दहा मीटर उंचीला साधारण एक किलो प्रेशर मिळतं (प्लंबर लोक किलोच म्हणतात). एक मजला तीन मीटरचा धरला तर बारा मजल्यांच्या इमारतीत तळाशी साडेतीन किलोच्या आसपास प्रेशर असतं आणि टाकीच्या लगेच खालच्या घरात जेमतेम अर्धा किलोसुद्धा नसतं. वरच्यांचा शॉवर नुसता ठिबकतो, गॅस गीझर पेटत नाही, आणि खालच्यांचे नळ कायम गळतात, कॉक लवकर झिजतात, कधी फ्लशची टाकी रात्रभर वाहते. आता वरचा म्हणणार पाण्याला जोरच नाही आणि तिसऱ्या मजल्यावरचा म्हणणार पाणी एकदम मस्त. दोघंही बरोबर. आणि जिथे खालूनच पंपाने थेट वर पाणी चढवतात तिथे पंप दमला किंवा लाइट गेली की वरचे आधी कोरडे पडतात आणि खालच्यांना पत्ताही नसतो. त्यामुळे "पाणी कसं आहे" असं विचारूच नका. पाणी वरून येतं की खालून, वरच्या मजल्यांसाठी वेगळा प्रेशर पंप लावलाय का, खालच्यांसाठी प्रेशर कमी करणारा व्हॉल्व्ह आहे का, आणि टाकी शेवटची कधी धुतली, हे विचारा.

ड्रेनेजचं याच्या बरोबर उलटं. उभा पाइप खाली कुठे चोक झाला की वरच्या सगळ्या मजल्यांचं पाणी जिथे पहिली मोकळी वाट मिळेल तिथून बाहेर येतं, आणि ती वाट म्हणजे त्या पाइपला जोडलेलं सगळ्यात खालचं बाथरूम. पहिल्या मजल्यावरच्या एका काकूंनी मला त्यांची मोरी दाखवली होती, जाळीवर प्लॅस्टिकचा जाड तुकडा, त्यावर पाण्याने भरलेली बादली, आणि दाराशी कायम गुंडाळून ठेवलेली जुनी चादर, कारण रविवारी सकाळी सगळे घरी असताना एकदम कपडे धुवायला काढतात आणि साबणाचा फेस त्यांच्याकडे वर येतो. त्याच लाइनमध्ये आठव्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाला विचारलं तर तो प्रामाणिकपणे म्हणाला ड्रेनेजचा काहीच प्रॉब्लेम नाही इथे. त्याच्या घरून पाणी व्यवस्थित जातं ना, त्याला कसं कळणार. म्हणून ड्रेनेजसाठी साक्षीदार कोण तर सगळ्यात खाली राहणारा, बाकी कुणाचंही मत धरू नका. आणि खालचं घर स्वतः घेत असाल तर त्या घराचा पाइप वेगळा थेट चेंबरला जोडलाय का, की वरच्यांच्याच उभ्या पाइपला, हे प्लंबर नेऊन बघा, एका भेटीत कळतं.

झुरळं आणि ढेकूण यांचंही लाइनशी नातं आहे. पाइपांच्या शाफ्टमधून, भिंतीतल्या वायरिंगच्या भोकांतून ते एका घरातून दुसऱ्या घरात जातात, त्यामुळे एकट्याच्या घरात फवारणी करून भागत नाही, पळालेले शेजारी जातात आणि काही आठवड्यांनी परत येतात. इथे विचारायचा प्रश्न एकच, पेस्ट कंट्रोल पूर्ण लाइनचं एकाच दिवशी होतं का.

ओल

ओलीबद्दल बोलताना लोक "लीकेज" हा एकच शब्द वापरतात पण प्रकार निदान चार असतात आणि प्रत्येकाचा खर्च, जबाबदारी, भांडण वेगळं. पाऊस पडल्यावर दोन दिवसांत वाढणारा आणि उन्हाळ्यात वाळणारा डाग बाहेरच्या भिंतीचा किंवा गच्चीचा. बारा महिने तसाच राहणारा आणि नेमका वरच्यांच्या बाथरूमखाली असलेला डाग प्लंबिंगचा किंवा वॉटरप्रूफिंगचा. तळमजल्यावर जमिनीपासून वर साधारण मीटरभर चढलेली ओल जमिनीतून येते. आणि कोपऱ्यात, कपाटामागे काळी बुरशी धरलेली असते ती बऱ्याचदा हवा खेळत नसल्यामुळे घरातल्याच वाफेची. शेवटची ओळखायला साधी युक्ती आहे, स्वयंपाकघरातली अ‍ॅल्युमिनियम फॉइल डागावर चारही बाजूंनी टेप लावून घट्ट चिकटवायची आणि एक-दोन दिवसांनी बघायची, थेंब खोलीच्या बाजूला असतील तर वाफ, भिंतीच्या बाजूला असतील तर पाणी भिंतीतून येतंय. भाड्याने राहताय आणि घरमालक म्हणतोय तुम्ही खिडक्या उघडत नाही म्हणून ओल येते, तेव्हा हे करून फोटो काढून ठेवा, फार उपयोगी पडतं.

घर बघायला गेल्यावर एकाच कोपऱ्याला ताजा रंग असेल तर तिथे हात लावून बघा, आणि शेजारच्या, वरच्या, खालच्या घरात तोच कोपरा कसा आहे ते बघू देतात का विचारा. बहुतेक लोक दाखवतात, उलट त्यांना बरं वाटतं कुणीतरी विचारलं म्हणून.

त्रास वेगळा आणि धोका वेगळा

आता जे सांगतोय त्यासाठी तक्त्यात वेगळा रंग वापरा. आवाज, पाणी, पार्किंग, लिफ्टची वाट बघणं हे त्रास आहेत, यात किती जण काय म्हणतात याला अर्थ आहे, वीसातल्या अठरा जणांना चालत असेल तर कदाचित तुम्हालाही चालेल. पण इमारतीची ताकद, आग, लिफ्टची सुरक्षितता, गॅस, वीज यात मतं मोजायची नसतात. एकानेही काही सांगितलं की ते तपासायचं, बाकीचे सगळे आनंदात असले तरी.

अमेरिकेत फ्लोरिडातल्या सर्फसाइडमध्ये चॅम्प्लेन टॉवर्स साउथ नावाची बारा मजली इमारत होती, समुद्राला लागून, हौसेने घर घ्यावं अशी जागा. २०१८ मध्येच एका इंजिनिअरच्या रिपोर्टमध्ये लिहिलं होतं की स्विमिंग पूलच्या डेकखालचं वॉटरप्रूफिंग निकामी झालंय आणि खालच्या काँक्रीटच्या स्लॅबचं मोठं नुकसान होतंय. मग दुरुस्तीचा खर्च कोण किती भरणार यावर वाद चालू राहिले आणि २४ जून २०२१ च्या पहाटे इमारतीचा मोठा भाग कोसळला, ९८ माणसं गेली. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरचंही तसंच, चोवीस मजली इमारत, २०१६ मध्ये नूतनीकरण पूर्ण झालं, नव्या खिडक्या, नवं हीटिंग, बाहेरून नवं क्लॅडिंग (भिंतींवर बसवलेलं बाहेरचं आवरण), म्हणजे वरवर बघणाऱ्याला इमारत सुधारलेलीच दिसणार. पण तिथल्या रहिवाशांचा एक गट आगीच्या धोक्याबद्दल सतत जाहीरपणे लिहीत होता आणि नोव्हेंबर २०१६ मध्ये त्यांनी स्पष्ट लिहिलं होतं की मोठा अनर्थ झाल्याशिवाय कुणी लक्ष देणार नाही. १४ जून २०१७ ला त्याच क्लॅडिंगवरून आग इमारतभर पसरली, ७२ जण मेले. अशा लोकांना आसपासचे लोक कटकटे म्हणून सोडून देतात, मला त्याचा फार राग येतो, कारण बऱ्याचदा कागद वाचलेला माणूस सगळ्या कॉम्प्लेक्समध्ये तोच एक असतो. तुमच्या कॉम्प्लेक्समध्येही असा एखादा असेलच, त्याला आवर्जून भेटा, त्याच्याकडे फाइल असते.

स्वतः काय बघायचं? पार्किंगमध्ये जा, मोबाइलचा टॉर्च लावा आणि कॉलम, बीम, स्लॅबची खालची बाजू बघा. गंजाचे तांबूस ओघळ, सळीच्याच रेषेत गेलेली लांब चीर, वरचा काँक्रीटचा थर सुटून उघडी पडलेली सळी, हे दिसलं तर समजा आत लोखंड गंजतंय. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो म्हणून तो काँक्रीटला आतून फोडत राहतो, वरून प्लास्टर मारून रंग दिला तरी थांबत नाही. नाण्याने किंवा किल्लीने हलकं ठोकून बघा, पोकळ बद्द आवाज आला तर तिथला थर सुटलेला आहे. प्लास्टरवरच्या केसासारख्या बारीक जाळीदार चिरा बहुतेक वेळा नुसत्या दिसायला वाईट असतात, त्याने घाबरून जाऊ नका. मग जिन्याने शेवटपर्यंत चढून जा, लिफ्टने नको. जिन्यात सायकली, गाद्या, कुंड्या किती आहेत, आगीच्या वेळी वापरायच्या दाराला कुलूप आहे का, फायर एक्स्टिंग्विशरवरची तारीख काय आहे, होज रीलच्या पेटीत खरोखर होज आहे का. हे सगळं तासाभरात उरकतं.

स्ट्रक्चरल ऑडिट (म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी) झालं असेल तर त्याची पूर्ण प्रत मागा, "झालंय, ओके आहे" यावर थांबू नका. त्यात काय करायला सांगितलं होतं आणि त्यातलं किती केलं हे दोन्ही हवं.

पैसा कुठे अडकलाय

कॉम्प्लेक्स बिघडतं ते बहुतेक वेळा पैशाच्या एका चक्रामुळे. सोयी नीट नाहीत म्हणून काही जण मेंटेनन्स भरणं थांबवतात, पैसे कमी आले म्हणून सोयी आणखी बिघडतात, मग ज्यांना जमतं ते सोडून जातात, रिकामी घरं वाढतात, उरलेल्यांवर बोजा वाढतो. याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे अमेरिकेतल्या सेंट लुइस शहरातली प्रुइट-आयगो वसाहत. अकरा मजली ३३ इमारती, १९५४ पासून लोक राहायला आले आणि सुरुवातीच्या कित्येक कुटुंबांना ती घरं मनापासून आवडली होती, जुन्या कोंदट खोल्यांतून आलेल्यांना स्वतःचं बाथरूम, उजेड, उंचावरून दिसणारं शहर. पण देखभालीचा खर्च भाड्यातूनच भागवायचा होता, घरं रिकामी होत गेली तशी भाड्याची आवक घटली, लिफ्ट काही ठराविक मजल्यांवरच थांबायच्या आणि त्याही नादुरुस्त, १९६९ मध्ये भाडेकरूंनी भाडं देणंच बंद केलं, आणि १९७२ पासून पाडापाडी सुरू होऊन काही वर्षांत सगळ्या इमारती गेल्या. आता तिथे सुरुवातीला राहिलेल्याला विचारा आणि शेवटी राहिलेल्याला विचारा, जमीन-अस्मानाचा फरक येणार. म्हणून तक्त्यात "कधीपासून" हा रकाना रिकामा सोडू नका, जुन्या माणसाच्या चांगल्या आठवणी आणि नव्या माणसाचा वैताग या एकाच गोष्टीच्या दोन तारखा असू शकतात.

तर कागद मागा. मागच्या तीन वर्षांचे हिशोब आणि सर्वसाधारण सभेची मिनिट्स (सभेत काय बोललं, ठरलं त्याची लेखी नोंद). हिशोबात दोन आकडे आधी शोधा, थकबाकी किती आणि राखीव निधी किती. थकबाकी दरवर्षी वाढतेय आणि निधी घटतोय तर कमिटी कितीही गोड बोलो, येत्या काळात मोठी वर्गणी निघणार आणि ती तुमच्या नावावर येणार. मिनिट्स वाचताना एक विषय किती सभांमध्ये परत परत येतो ते बघा. लिफ्टचा विषय तीन वर्षं "पुढील सभेत निर्णय घेण्यात येईल" असाच लिहिलेला असेल तर तेवढं पुरे आहे. कोर्टकेस चालू आहे का, बिल्डरशी, आपापसात, कशाबद्दल, हेही त्यातच सापडतं. विकणाऱ्याने किंवा कमिटीने हे कागद दाखवायला टाळाटाळ केली तर मी तिथे घर घेऊ नका असंच सांगेन, भाड्याने राहायला हरकत नाही.

कुणाला काय विचारायचं

मालक आपल्या कॉम्प्लेक्सबद्दल वाईट बोलायला कचरतात कारण भाव पडतो, यात त्यांचं चुकतं असंही मी म्हणणार नाही, आयुष्याची कमाई घातलेली असते बिचाऱ्यांनी. भाडेकरू मोकळेपणाने बोलतात पण हिशोब, ऑडिट, केस यातलं त्यांना काही माहीत नसतं. कमिटीशी भांडण असलेला माणूस खऱ्या गोष्टी सांगतो पण सगळ्याला तोच रंग देतो. सफाईवाल्या मावशी, लिफ्टचा मेकॅनिक, प्लंबर यांना सगळ्या इमारतीचं अंतरंग माहीत असतं, पण त्यांची नोकरी तिथे आहे हे विसरू नका, चारचौघांत उभं करून विचारू नका आणि त्यांनी सांगितलेलं त्यांच्या नावाने कुठे बोलू नका.

प्रश्न नेमका आणि घडलेल्या गोष्टीबद्दलचा ठेवा. "लिफ्ट कशी आहे" याला उत्तर येतं "चालते हो". त्याऐवजी "लिफ्ट शेवटची कधी बंद पडली आणि किती दिवसांनी चालू झाली" विचारा. लिफ्ट सगळीकडेच बंद पडते, पंप सगळीकडेच जळतो, दुरुस्तीला किती वेळ लागला आणि दरम्यान आजारी, म्हाताऱ्या माणसांची काय सोय केली यावरून कॉम्प्लेक्स कसं चालतं ते कळतं. तक्रार कुठे करता, लेखी उत्तर येतं का. मागच्या वर्षी या मजल्यावरून कोण सोडून गेलं आणि का. आणि शेवटी एक प्रश्न मी नेहमी विचारतो, तुमच्या सख्ख्या बहिणीला इथे घर घ्यायला सांगाल का, आणि सांगाल तर कुठल्या विंगमध्ये? या "कुठल्या विंगमध्ये"ला माणूस जरा थांबतो, आणि मग जे सांगतो ते लिहून घ्या.

चांगलं बोललेलंही तितक्याच काळजीने लिहा, ते बाजूला टाकू नका. खराब नाव झालेल्या कॉम्प्लेक्समध्ये एखादा जिना असा असतो की तिथल्या लोकांनी आपसात पैसे काढून दिवे लावलेत, लिफ्ट बंद असताना वरच्या आजोबांची औषधं कुणी आणायची हे ठरलेलं आहे, मुलं एकमेकांच्या घरी जेवतात. हे त्यांच्या जिन्यापुरतं खरं असतं आणि तुम्ही त्याच जिन्यात घर घेत असाल तर त्याची किंमत फार मोठी आहे. फक्त त्यावरून पलीकडच्या विंगचा अंदाज बांधू नका.

स्वतः कधी जायचं

एजंट घेऊन जाईल ती वेळ सोडून इतर वेळी जा. एकदा सकाळी ऑफिस-शाळेच्या गडबडीत, लिफ्टला किती वेळ लागतो ते बघायला, एकदा रात्री दहानंतर, आणि जमलं तर जोराच्या पावसात किंवा दुसऱ्या दिवशी. नोटीस बोर्ड वाचा, शेवटची नोटीस किती जुनी आहे. मग घरात बेडरूमचं दार-खिडक्या लावून पंधरा मिनिटं गप्प बसा. बोलण्याचा, टीव्हीचा आवाज भिंत जाड असेल तर अडतो, पण पावलांचा, खुर्ची ओढल्याचा आवाज स्लॅबमधून उतरतो आणि तो खालच्या घरातून काही केलं तरी फारसा थांबत नाही, उपाय वरच्यांच्या फरशीवरच करावा लागतो. बेडरूमची भिंत लिफ्टच्या शाफ्टला, पंपरूमला किंवा उभ्या ड्रेनेज पाइपला लागून आहे का ते नकाशात बघा, कारण पंप बंद असताना तुम्ही गेलात तर काहीच ऐकू येणार नाही.

आधीच राहत असाल तर

हाच तक्ता तुमच्याही कामाचा आहे. सभेत प्रत्येक जण आपापलं गाऱ्हाणं मांडतो, आठव्या मजल्यावरचा म्हणतो मला तर काही त्रास नाही, आणि विषय तिथेच मरतो. त्यापेक्षा तुमच्या लाइनमधल्या सगळ्या घरांत जाऊन एका कागदावर मजल्याप्रमाणे लिहून घ्या, कुठे प्रेशर कमी, कुठे ड्रेनेजचं पाणी उलटं वर येतं, कुठे डाग, कधीपासून, तारखेसकट फोटो. ज्याला त्रास नाही त्याचंही "त्रास नाही" असंच लिहा, त्यामुळे दोष नेमका कुठे आहे हे प्लंबरला कळतं आणि कागदावर कुणाला शंका घेता येत नाही. एका अर्जात एकच विषय ठेवा, सगळ्या लाइनच्या सह्या घ्या, आठव्या मजल्यावरच्याचीही घ्या, त्याला काकूंची मोरी एकदा दाखवून आणा, तो सही करतो. अर्ज हातोहात देऊन पोच घ्या, आणि काम कोण बघणार आणि कधीपर्यंत हे त्याच पोचवर लिहून मागा.